पेंग्विनचं बीळ, धनेशाची ढोली

आमच्या रोह्याहून मुलांना राणीच्या बागेत पेंग्विन दाखवायला नेतात. न्यावं. २०१६ साली दक्षिण कोरियातून आलेल्या आठ हम्बोल्ट पेंग्विनांचं मलाही कौतुक आहे. नर मान ताणून चक्क गाढवासारखा ओरडतो. मादीला ते गाणंच वाटत असावं! जोडी जमली, की अंडी दोघंही आळीपाळीने चाळीसेक दिवस उबवतात. १५ ऑगस्ट २०१८ रोजी तिथे पहिलं पिल्लू जन्मलं, आठवडाभरात गेलं; पुढची काही जगली.

पण पेरू-चिलीची गोष्ट कुणी सांगत नाही. तिथे हा पक्षी समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या जाड थरात बीळ करी. एकोणिसाव्या शतकात ती विष्ठा खत म्हणून खणून युरोपला विकली गेली. पक्षी राहिला, बाळंतिणीची खोली गेली.

कोकणातल्या धनेशाचंही तेच. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर बारीक फटीतून तिला फळं भरवतो. ढोली धरायला झाड म्हातारं व्हावं लागतं, आणि खाजगी रानातलं झाड त्याआधीच लाकूडव्यापाऱ्याच्या ट्रकात चढतं. फणसाडला १९८६ पासून अभयारण्याचं संरक्षण आहे. हद्दीबाहेरच्या बेहड्याला कुणाचं?

माझं म्हणणं एवढंच, की ग्रामपंचायतींनी ढोलीच्या झाडांची यादी करावी आणि सरकारने मालकाला ती राखण्याचे पैसे द्यावेत. व्यापारी उभ्या झाडाला देतो तोच भाव. नुसत्या पर्यावरणाच्या भाषणावर शेतकऱ्याच्या घरचं लग्नकार्य निघत नाही.