ऐकणारे यंत्र

यंत्राला भुलतात ती अडाणी माणसे, असा आम्हां शिकलेल्यांचा एक लाडका समज आहे. तो खोटा ठरविला एका प्राध्यापकाने, आणि तोही यंत्राला बुद्धी देऊ पाहणाऱ्यांच्या माहेरघरी!

जोसेफ वायझेनबाउम यांचा जन्म १९२३ चा, बर्लिनमधल्या ज्यू घरातला. हिटलरच्या राजवटीतून निसटून १९३६ साली हे कुटुंब अमेरिकेत आले. मुलगा गणित शिकला, बँकेचे हिशेब करणाऱ्या संगणकाच्या कामात रमला आणि १९६३ साली एमआयटी या प्रख्यात तंत्रशिक्षणसंस्थेत दाखल झाला. तिथे त्यांनी संभाषण करणारा एक प्रोग्रॅम रचला व १९६६ साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली. नाव ठेवले एलायझा. आपल्या 'ती फुलराणी'चे मूळ जे शॉचे नाटक, त्यातल्या फुलवालीचे हे नाव.

एलायझाची करामत ती काय? संगणकाला जोडलेल्या टंकयंत्रावर तुम्ही वाक्य लिहावे. तिने त्यातला एखादा शब्द हेरून, 'मी'चा 'तुम्ही' करून, तुमचेच बोलणे प्रश्नरूपाने परत करावे. आईचा विषय काढला, की ती म्हणणार, घरच्यांविषयी आणखी सांगा. समजत तिला अक्षरही नव्हते. परंतु प्राध्यापकांची चिटणीस, जिने हा सारा खटाटोप महिनोन्‌महिने पाहिला होता, तीच दोन-चार वाक्ये होताच त्यांना म्हणाली, आपण जरा खोलीबाहेर जाता का? काही मनोविकारतज्ज्ञ तर यंत्राकरवी उपचार करण्याची स्वप्ने पाहू लागले!

दुसरा असता तर मिरवला असता. वायझेनबाउम हादरले. १९७६ साली त्यांनी पुस्तक लिहून बजावले, की यंत्राला काय जमेल हा प्रश्न दुय्यम आहे. जमले तरी काय त्याच्या हाती देऊ नये, हा खरा प्रश्न. या विद्येला 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे नाव देणारे जॉन मॅकार्थी त्या पुस्तकावर तुटून पडले. वायझेनबाउम हटले नाहीत. उतारवयात ते बर्लिनला परतले आणि २००८ साली वारले.

आजची यंत्रे एलायझाच्या फार पुढे गेली आहेत. म्हणून प्राध्यापकांचा प्रश्न शिळा झाला काय? मुळीच नाही, तो आपल्या माजघरात येऊन बसला आहे.

माझ्या वर्गातल्या एका मुलाची आजी श्रावणात गेली. पोर गप्पगप्प राहू लागले. एकदा ते माझ्याकडे आले, तेव्हा मी वह्या तपासत होतो, म्हणालो, "नंतर ये." पंधरा दिवसांनी मीच विचारले, तर म्हणाले, "आता काही नाही, सर. मोबाइलला सगळं सांगितलं. तो 'नंतर ये' म्हणत नाही."

कोणी म्हणेल, ज्याला कोणीच नाही त्याने यंत्राशी बोलले, तर बिघडले कुठे? अहो, त्याला कोणीच नाही, हेच तर बिघडले! घरात चार आणि शाळेत चाळीस माणसे असताना पोराला मोबाइलपाशी रडावे लागते, यात यंत्राची थोरवी कसली? ती आपली नामुष्की आहे. यंत्राला आजी नव्हती, ते कधी कोणाला पोचवून आले नाही. त्याचे ऐकणे फुकटचे आहे. आपल्या ऐकण्याला वेळ मोजावा लागतो, आणि म्हणूनच त्याला मोल आहे.

आता तो मुलगा मधल्या सुट्टीत माझ्यापाशी येऊन बसतो. वह्या तुंबतात. तुंबोत बापड्या!