सवय झाली म्हणून धोका टळत नाही

“आम्हाला मच्छर चावतच नाहीत, सवय झाली आता,” हे वाक्य आपल्या वस्त्यांत घरोघरी ऐकू येते. सुट्टीत आलेल्या नातवाच्या हातापायांवर गांधी उठतात आणि त्याच खोलीत झोपलेल्या आजोबांच्या अंगावर एक खूण दिसत नाही. मग नातवाचे रक्त गोड, आजोबांचे कडू, असा निकाल लावून आपण मोकळे होतो. हा समज चुकीचा तर आहेच, पण घातकही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चावते ती फक्त मादी. अंडी घालण्यासाठी तिला रक्तातली प्रथिने लागतात. सोंड खुपसताना ती आपली लाळ त्वचेत सोडते, म्हणजे रक्त गोठत नाही. ही लाळ आपल्या शरीराला परकी असते. प्रतिकारशक्ती तिला ओळखते, त्वचेतल्या पेशी हिस्टामाइन नावाचे द्रव्य सोडतात, तेथे सूज येते आणि खाज सुटते. म्हणजे गांध हे आपल्याच शरीराचे उत्तर आहे.

हे उत्तर जन्मभर सारखे राहत नाही. केनेथ मेलनबी या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने 1946 साली त्याचे टप्पे मांडले. शरीराला लाळेची ओळख नसते तेव्हा काहीच दिसत नाही. ओळख झाली की आधी दुसऱ्या दिवशी गाठ येते. पुढे चावल्याबरोबर गांध उठते आणि गाठही येते. वर्षानुवर्षे चावून घेतल्यावर मात्र शरीर उत्तर देणेच सोडते. आजोबांना डास चावतातच, फक्त कळत नाही. आणि डेंग्यूचा विषाणू किंवा मलेरियाचे जंतू शरीरात शिरायला खाज सुटावी लागत नाही.

म्हणूनच “वस्तीतल्या लोकांना सवय असते” असे कोणी म्हटले, तर ते आपण ऐकून घेऊ नये. आणि स्वतःही म्हणू नये.

डास माणूस शोधतो तो श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरून, अंगाच्या उष्णतेवरून आणि घामाच्या वासावरून. गरोदर बाईचा श्वास जास्त आणि अंग गरम, म्हणून तिच्याकडे डास अधिक येतात. घरात मच्छरदाणी एकच असेल तर ती आधी तिला आणि तान्ह्या बाळाला द्यावी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून बाळाला दुपारीही मच्छरदाणीतच झोपवावे.

चावल्याजागी लाली येते असे सांगतात. आपल्या सावळ्या त्वचेवर ती बहुधा दिसत नाही. बोट फिरवून सूज चाचपावी. थंड पाण्याची पट्टी ठेवावी, कॅलामाइन लावावे. चुना किंवा टूथपेस्ट लावू नये. मुलांची नखे कापलेली असावीत, कारण खाजवून फोडलेल्या जागी नखांतले जंतू जाऊन पू होतो. चेहरा किंवा ओठ सुजले, श्वास लागला, तर लगेच दवाखाना गाठावा.

ताप आला तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे. मेडिकलमधून अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन आणून घेऊ नये, डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पोटात जोराचे दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त ही लक्षणे दिसली तर रात्र काढू नये, रुग्णाला भरती करावे. ताप उतरत असतानाही धोका असतो.

आता पाण्याचे. नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी येते, म्हणून आपण पिंपे भरून ठेवतो. डेंग्यूचा डास याच स्वच्छ पाण्यात वाढतो. साथ आली की पिंपे ओतायची आणि नोटीस आपल्याच हातात द्यायची, हा न्याय नव्हे. धुराच्या फवारणीने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या राहतात. रोज पाणी आणि वाहती गटारे ही आपली मागणी आहे. ती लेखी, सह्यांनिशी गेली पाहिजे.

तोवर आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामे करून आतून घासावे, कारण अंडी भिंतीला चिकटून राहतात. अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडाच लागतो. तोंडाला कापड घट्ट बांधावे. वर्षावासाचे दिवस हेच डासांचे दिवस. विहारात ग्रंथवाचनाला सगळे जमतात, तेव्हाच वार ठरवावा आणि अर्जावर सह्याही घ्याव्यात.