पाँडिचेरीत समुद्र आहे, मग वाळू कुठं गेली?

रीलवर पाँडिचेरी दिसते ती अशी : पिवळ्या भिंती, त्यावर झुकलेली बोगनवेल, हातात कॉफी आणि मागे समुद्र. प्रत्यक्षात गेलात की गांधी पुतळ्याजवळ समोर येतात ते काळे धोंडे. पाय बुडवायचे तर वाळू शोधावी लागते. किनाऱ्याला नावच 'रॉक बीच' पडलंय, त्यामुळे अनेकांना वाटतं की तो मुळातच खडकाळ असणार.

तर तसं नाहीये. हे दगड माणसांनी आणून टाकलेत.

आधी थोडा इतिहास. फ्रेंच कंपनीच्या फ्रान्स्वा मार्टिनने १६७४ मध्ये इथं बस्तान बसवलं. तीनच वर्षांत शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली आणि मार्टिनला आपला वकील महाराजांकडे पाठवावा लागला. गांधी पुतळ्याभोवतीचे कोरीव खांबही जिंजीहूनच आणलेत असं सांगतात. जुलै २०२५ मध्ये जिंजी युनेस्कोच्या यादीत आली, त्यामुळे 'जिंजी प्लस पाँडी' असा बेत आता बरीच मराठी मंडळी आखतील.

फ्रेंचांनी कालव्याच्या एका बाजूला गोऱ्यांची आणि दुसऱ्या बाजूला तमिळ लोकांची वस्ती, अशी सरळ विभागणी केली. आज फोटो निघतात ते मुख्यतः गोऱ्यांच्या बाजूचे. हेही जाताना माहीत असलेलं बरं. १ नोव्हेंबर १९५४ ला कारभार भारताकडे आला, कायदेशीर हस्तांतर १९६२ ला झालं.

पण किनाऱ्याचं खापर फ्रेंचांवर फोडता येत नाही. त्यांच्या काळात जहाजं खोल पाण्यात उभी राहायची आणि माल होड्यांनी यायचा. घोळ झाला तो १९८९ मध्ये पूर्ण झालेल्या बंदरामुळे.

वाळूचा प्रवास

किनाऱ्यावरची वाळू एका जागी बसून नसते. पूर्व किनाऱ्यावर साधारण मार्च ते ऑक्टोबर लाटा तिला दक्षिणेकडून उत्तरेकडे ढकलतात, उरलेले महिने उलट. हिशेब मात्र उत्तरेच्या बाजूने झुकलेला. शहराच्या दक्षिणेला अरियनकुप्पम नदीच्या मुखाशी बंदरासाठी दगडी बांध समुद्रात घातले आणि ही वाळू तिथंच अडली. दक्षिणेला किनारा रुंदावत गेला, उत्तरेला शहरासमोरचा खरवडून गेला. अडलेली वाळू उचलून पलीकडे टाकायची, असं मूळ योजनेतच होतं. ते काम नीट झालंच नाही. मग शहर वाचवायला दगड टाकले.

यावर चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने एक उपाय केला. २०१८ मध्ये मुख्य सचिवालयाच्या परिसरात पाण्याखाली पोलादी पाचर बसवली. लाटांचा जोर कमी झाला, बंदरातून उपसलेली वाळू टिकली आणि तिथं पुन्हा बीच दिसू लागला. स्थानिक पोरं त्यावर क्रिकेट खेळायला लागली तर नवल नाही! पण हा तुकडाच आहे. शहराच्या जुन्या धक्क्याचा काही भाग मार्च २०२२ मध्ये खवळलेल्या समुद्रात कोसळला.

दगड टाकले, भूक सरकली

दगडी भिंत वाळू तयार करत नाही, फक्त मागची जमीन धरून ठेवते. वाळूचा तुटवडा पुढच्या गावाच्या वाट्याला जातो. पाँडिचेरीच्या उत्तरेला तमिळनाडूतल्या बोम्मयारपाळयमसारख्या मच्छीमार गावांमध्ये हेच झालं. तिथं बीच म्हणजे होडी ओढायची, जाळी सुकवायची जागा. ती गेली की धंद्याचीच अडचण. या गावांचं रील कुणी बनवत नाही, हा भाग वेगळा.

आपल्याकडेही कोकणात गावोगाव धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांची मागणी होते. ती चुकीची आहे असं नाही, घर समोर पडत असेल तर माणूस काय करणार? पण बंधारा मंजूर होताना शेजारच्या गावाच्या वाळूचं काय, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला हवा.

आणि पाँडीला जाणारच असाल तर संध्याकाळी सहानंतर जा, तेव्हा बीच रोड वाहनांना बंद असतो. वाळूच हवी असेल तर बंदराच्या दक्षिणेला वीरमपट्टिणमच्या बाजूला वळा. ब्लू फ्लॅग मिळालेला ईडन बीच त्याच बाजूला आहे.