‘माफी लिहून दे’ म्हणणाऱ्या बापांना

गावात कुणाच्या घरी रजिस्टर पत्र आले की पोस्टमन अंगणात असतानाच शेजारी गोळा होतात. असेच एक पत्र मध्यंतरी आमच्या वाड्यावर आले. बाप खाजनात राबणारा, आई मासळीची पाटी घेऊन बाजारात बसणारी, मुलगा मोठ्या कारखान्यात कामाला. पत्रात तीन पाने इंग्रजी मजकूर. वरिष्ठाशी उद्धटपणा केला, काम अडवले, असे आरोप. बापाला एवढेच उमगले की नोकरी जाणार. रात्रीच तो मुलाला घेऊन साहेबाच्या दारात गेला आणि ‘चूक झाली, पदरात घ्या’ असे मुलाकडून लिहून देऊन आला. साहेब हसून ‘बघू’ म्हणाले. पुढे मुलगा बडतर्फ झाला. कारण काय, तर कामगाराने आरोप लेखी कबूल केले आहेत!

या बापाला मी दोष देत नाही. भाटकाराच्या अंगणात हात जोडून उभे राहण्यात आपल्या पिढ्या गेल्या. 1964 च्या कूळ कायद्याने आणि 1975 च्या मुंडकार कायद्याने पायाखालची जमीन थोडीफार आपली झाली. हात जोडण्याची खोड मात्र राहिली. साहेब म्हणजे नवा भाटकार, त्याची मर्जी राखली की झाले, असे आपण समजतो. पण आरोपपत्र हा मर्जीचा कागद नव्हे. त्याला उत्तर द्यायचे असते, आणि त्यानंतर चौकशी व्हावी लागते.

रापणीच्या वाट्यावरून तंटा झाला तर तो वाळूवर, चारचौघांत, दोघांचे ऐकून मिटतो. खात्याच्या चौकशीचे मूळ तत्त्व याहून वेगळे नाही. आरोप काय ते स्पष्ट सांगा, साक्षीदार समोर आणा, त्यांना उलट प्रश्न विचारू द्या, आणि ज्याचे भांडण त्यानेच न्यायाला बसू नये. उत्तर बंगालमधील मीनग्लास चहामळ्यात, ज्या अधिकाऱ्यांशी भांडण झाले तेच चौकशीला बसले, साक्षीदार एकही आणला नाही, उलट कामगारांनाच प्रश्न विचारले. 1963 साली सर्वोच्च न्यायालयाने ती चौकशी टाकाऊ ठरवली. मुंबई बंदराच्या खटल्यात न्यायालय म्हणाले की मालकाच्या बाजूने कायद्यात मुरलेला माणूस उभा असेल, तर कामगारालाही वकील नाकारता येणार नाही. आणि 1993 साली हैद्राबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात ठरले की शिक्षा देण्यापूर्वी चौकशी अहवालाची प्रत कामगाराच्या हाती पडली पाहिजे, मग नोकरी सरकारी असो की खाजगी.

म्हणून चौकशी म्हणजे कोर्टच, असेही समजू नका. हरियाणातील एका बस वाहकाने भाडे घेऊन तिकिटे दिली नाहीत, असे तपासणी पथकाने पकडले. उतारूंपैकी एकही साक्षीला आला नव्हता. तरीही 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने चौकशी ग्राह्य धरली. पुराव्याचा काटेकोर कायदा तिथे लागू नसतो. थोडक्या पुराव्यावरही माणूस घरी बसू शकतो, आणि अशा ठिकाणी आपण होऊन कबुली लिहून देणे म्हणजे भरतीच्या वेळी आपल्याच हाताने मानशीची दारे उघडणे होय.

निलंबनाच्या काळात चूल कशी पेटायची, हा खरा प्रश्न असतो. पोटाची आग लागली की माणूस कशावरही सही करतो. 1982 च्या दुरुस्तीने पहिले 90 दिवस निम्मे वेतन आणि पुढे, विलंब कामगारामुळे नसेल तर, पाऊण वेतन निर्वाह भत्ता म्हणून मिळू लागले. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. तिच्यातही हा भत्ता आहे, चौकशी साधारणपणे 90 दिवसांत संपवावी असेही आहे. पण मेख अशी की स्थायी आदेशांचे हे प्रकरण आता 300 किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणीच लागू. पूर्वी केंद्राच्या कायद्यात हा आकडा 100 होता. किनाऱ्यावरची लहानसहान हॉटेले, गॅरेजे, बर्फाचे कारखाने यांत आपली किती पोरे आहेत ते तुम्हीच मोजा. (आणि ट्रॉलरवरच्या खलाशाचे तर विचारूच नका. त्याची चौकशी धक्क्यावर दोन शिव्यांत आटोपते.)

चोराला पाठीशी घाला, असे आम्ही म्हणत नाही. ज्याने माल पळवला त्याने फळ भोगावे. युनियनचे काही पुढारीही चौकशीच्या दिवशी गायब असतात आणि बडतर्फीनंतर मोर्चा काढतात, हेही लिहून ठेवतो. आमचे म्हणणे एवढेच की कागद समजल्याशिवाय सही नको. स्थायी आदेश बहुसंख्य कामगारांच्या भाषेत फलकावर लावण्याची सक्ती 1946 च्या कायद्यात होती. मग आरोपपत्र कळत नसेल तर ‘मला माझ्या भाषेत द्या’ असे लेखी मागायला लाज कसली? मागितल्याची पोच घ्या. उत्तराला मुदत मागा. सोबतीला जाणता सहकारी घ्या.

त्या मुलाचे प्रकरण आता न्यायाधिकरणापुढे आहे. शिक्षा अवाजवी वाटली तर ती बदलण्याचा अधिकार न्यायाधिकरणांना 1971 च्या दुरुस्तीपासून मिळाला, म्हणून थोडी आशा आहे. पण फायलीत पहिला कागद त्या माफीचाच आहे. मुलगा सध्या मामाच्या होडीवर जातो. परवा बाप माझ्याकडे आला, ती तीन पाने पुढे केली आणि म्हणाला, ‘‘मास्तर, यात नेमके काय लिहिले होते ते एकदा वाचून दाखवा.’’