पंचवीस नगांचा भाव

मंडळी, मध्यंतरी तुमच्यापैकी दोघातिघांनी विचारलं, "गुरुजी, हल्ली लिहीत नाही, करता तरी काय?" तर हल्ली मी पुतण्याच्या कारखान्यात हिशेब लिहितो. कारखाना म्हणजे यवतमाळला घरामागचं एक शेड, चार टेबलं, एक छोटी भट्टी आणि कामाला येणाऱ्या तीन बायका. इलेक्ट्रॉनिक बोर्डांवर सुटे भाग बसवून डाख द्यायचा, हा धंदा. (पुतण्याला 'डाख' शब्द ठाऊक नव्हता, तो 'सोल्डरिंग' म्हणतो. आमच्या लहानपणी भांड्यांना डाख देणारा दारावर यायचा. काम तेच, आता भिंगाखाली करायचं, इतकंच.)

गिऱ्हाईकं बहुतेक इकडचीच. कुणी मोटारपंपाचे ऑटो स्टार्टर बनवतो, कुणी झटका मशीन. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांसाठी सांगतो: आमच्याकडे रानडुकरं आणि रोही (म्हणजे नीलगाय) एका रात्रीत पीक लोळवतात. जागलीला जावं तर टिपेश्वरच्या बाजूला वाघाची भीती. म्हणून शेताभोवती तार ओढून त्यात साधारण सेकंदाला एक असा क्षणभराचा झटका सोडतात. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. घरची वीज थेट तारेत सोडली तर जनावरंही मरतात आणि माणसंही, अशा बातम्या आपण वाचतोच. झटका क्षणभराचाच राहील आणि ठरलेल्या जोराचाच राहील, ही सगळी जबाबदारी त्या तळहाताएवढ्या बोर्डाची.

आता मुद्द्यावर येतो. मी जन्मभर पोरांना त्रैराशिक शिकवलं. 500 वह्यांना इतके रुपये, तर 25 वह्यांना किती? एक गिऱ्हाईक नेमकं हेच गणित घेऊन आलं. "500 बोर्ड केले तर 122 रुपये नग म्हणता, अन् 25 ला 350? इतके महाग काहून?" आणि मंडळी, मला त्याचं पटलं! मीच पुतण्याला म्हटलं, "अरे, पहिल्यांदाच आलाय. पुढे मोठी ऑर्डर देतो म्हणतोय. लाव 122."

पुतण्या काही बोलला नाही. काकाचं ऐकायची सवय, दुसरं काय.

नंतर त्याने मला कागदावर मांडून दाखवलं. एका बोर्डाला 150 जोड, जोडाला 60 पैसे, म्हणजे 90 रुपये. तपासणीचे 20. झाले 110. हे बोर्डागणिक वाढतं, इथपर्यंत माझं त्रैराशिक बरोबर. पण पहिला बोर्ड हातात येण्याआधीच साधारण 6000 रुपये गेलेले असतात. सोल्डर पेस्ट नेमक्या जागी उतरवायला धातूचा कोरलेला पत्रा लागतो, त्याला स्टेन्सिल म्हणतात. त्या नकाशापुरताच तो उपयोगी. मग गिऱ्हाइकाने पिशवीत आणून दिलेले भाग यादीशी ताडून मोजायचे. दोन-चार नेहमीच कमी निघतात, त्यासाठी फोन करायचे. तपासणीची जोडणी उभी करायची, मग एकच बोर्ड करून तो चालतो का बघायचं. 25 करा नाहीतर 500, हे सगळं करावंच लागतं. 500 वर वाटलं तर नगामागे 12 रुपये, 25 वर वाटलं तर 240. झाले 122 आणि 350. लबाडी कुठेच नाही.

हे मला आधी कळायला हवं होतं, कारण आमची आई ते जाणून होती. ज्वारीच्या घाण्यानंतर अर्धी पायली डाळ घेऊन गेलं की गिरणीवाला नाक मुरडायचा. गिरणी झाडा, जातं सैल-घट्ट करा, आधीचं पीठ निघेपर्यंत पहिलं पीठ बाजूला काढा... अर्ध्या पायलीसाठी एवढा खटाटोप कोण करील? म्हणून तो बेसनाचा वार ठरवून द्यायचा. चीनमधल्या शेनझेनच्या मोठमोठ्या कंपन्याही तेच करतात, असं पुतण्या सांगतो. अनेकांचे छोटे नकाशे एकाच मोठ्या पत्र्यावर छापून घेतात. नेहमीचे भाग यंत्रावर कायम चढवलेले, त्यांचा चढवायचा आकार नाही. वेगळा भाग मागितला की तो यंत्रावर चढवायचे पैसे वेगळे. शेवटी बेसनाचा वारच तो.

असो. त्या 25 बोर्डांचं काय झालं ते सांगतो, कारण ते सांगायचंच टाळत होतो. खर्च 8750, हातात आले 3050. पुतण्याने तोंडमिळवणी करायला बोर्डागणिकची तपासणी गाळली. वाचले 500 रुपये! त्यातल्या एका बोर्डाचा एक डाख कच्चा राहिला. मशीन एका शेतावर लागलं, आठ-दहा दिवस चाललं आणि एका रात्री गप्प झालं. सकाळी हरभऱ्याचं अर्धं शेत डुकरांनी उकरलेलं. ते शेत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं निघालं. तो भांडला नाही. "गुरुजी, तुमच्या घरचंच मशीन आहे हे माहीत नव्हतं," एवढंच म्हणाला. त्या महिन्यात एका बाईचा पगारही पंधरा दिवस उशिरा झाला. मोठी ऑर्डर अर्थातच आली नाही.

तेव्हा माझं मत आता असं आहे की हा मांडणीचा खर्च नगाच्या भावात लपवू नये, वेगळ्या ओळीत लिहावा. पुतण्याचं म्हणणं उलट. "काका, गिऱ्हाइकाला 350 एकवेळ चालतात, पण 'मांडणी 6000' वाचलं की तो विचारतो, याचे मला काय दिले?" त्यात तथ्य आहे. पण लपवलेला आकडा घासाघिशीत सगळ्यात आधी कापला जातो, हे मीच करून दाखवलंय ना! शिवाय वेगळा लिहिला की दुसऱ्या खेपेला गिऱ्हाइकाला फायदा दाखवता येतो. स्टेन्सिल आणि तपासणीची जोडणी तयारच असते, 6000 चे 2500 होतात, आणि 25 बोर्ड 210 रुपयांनी पडतात. तपासणीचे 20 मात्र घासाघिशीच्या बाहेर. तिथे मी काकापणाचा अधिकार वापरला.

आणि मांडणीचे पैसे आगाऊ. 2006 च्या लघुउद्योगांच्या कायद्यात पैसे फार तर 45 दिवसांत द्यायची अट आहे, उशिराला बँक दराच्या तिप्पट व्याजही आहे. पण 25 बोर्डांसाठी शेजारच्या तालुक्यातल्या माणसावर दावा लावायला कोण जातो?

परवा दारव्ह्याहून एक जण आला. नवा कागद दोनदा वाचला. मग म्हणाला, "अन् 50 घेतले तं?"

"दोनशे तीस," मी म्हटलं. 6000 भागिले 50, अधिक 110. या वयात तोंडी जमतं अजून.

तो शेडबाहेर गेला आणि लिंबाखाली उभा राहून कुणाला तरी फोन लावला. "तुले बी लागतेत ना रे पंचवीस?" एवढं मला आत ऐकू आलं.