गाणे हे औषध नव्हे

राजकारणाने चित्त ढळते, ही तक्रार नवी नाही. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा माझे वडील दरबारच्या नोकरीत नुकतेच लागलेले तरुण गवई होते. पुढे पोटाचे काय, ही चिंता होतीच; पण पहाटे तंबोरा जुळवावा लागे, साथीदार येत, चहा होई, भांडणेही होत, आणि दिवस निभावून जाई. आज आमच्या घरांतून रात्री अकरापर्यंत पक्षांवरून वाद चालतो आणि सकाळी षड्ज लावायला गळा उरत नाही. मत अवश्य द्यावे. त्यापायी झोप कशाला द्यायची?

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पालक एखाद्या उदास मुलाला आणून म्हणतात, ‘मास्तर, याला गाण्यात रमवा.’ रमवीन की! पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न नको, जगणेही नको, असे असेल तर ते काम डॉक्टरांचे. सोयरिकीच्या भीतीने आपली जुनी घराणी हे झाकून ठेवतात, याचा मला राग येतो. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा हक्क ठरवला आहे. १४४१६ या सरकारी क्रमांकावर २०२२ पासून रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते. डॉक्टरांचे उपचार सुरू झाले की मुलाला खुशाल पाठवा. माझा वर्ग संध्याकाळी सहाला भरतो.