परतीनंतरचे जुने देणे

केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी 1964 साली जे वर्तणूक नियम झाले, त्यांतील सतरावा नियम सांगतो की कर्मचाऱ्याने आपले खाजगी व्यवहार अशा रीतीने सांभाळावेत की तो सततच्या कर्जबाजारीपणात किंवा नादारीत सापडणार नाही. प्रशिक्षणाच्या काळात इतर नियमांबरोबर हाही आम्ही वाचला होता आणि हा नियम दुसऱ्या कुणासाठी तरी असावा अशा समजुतीने विसरलोही होतो. 2007 साली मला तो आठवला, तो माझ्याच बाबतीत.

मी दोन वर्षे परदेशी प्रतिनियुक्तीवर होतो. 2005 साली निघण्यापूर्वीच्या धावपळीत क्रेडिट कार्डावर सामानाची खरेदी झाली होती. तिचे बिल मी निघाल्यानंतर, रिकाम्या केलेल्या दिल्लीच्या सरकारी निवासस्थानी पोचले. रक्कम होती 9,200 रुपये. मी कार्डाचे दोन तुकडे करून ते कचऱ्यात टाकले होते आणि कार्ड बंद झाले असे मानले होते. प्लास्टिकचे तुकडे केल्याने खाते बंद होत नाही, हे अर्थशास्त्रात एम.ए. केलेल्या माणसाला कळायला हवे होते. परतलो तेव्हा मागणी चौतीस हजारांवर गेली होती.

परंतु खरा धक्का निराळा होता. वसुलीवाला माणूस माझ्या परतण्याच्या चार महिने आधीच साताऱ्याला, माझ्या वडिलांच्या दारी जाऊन आला होता. "तुमच्या मुलाची सरकारी नोकरी जाईल," असे त्याने सांगितले. निवृत्त शिक्षक असलेल्या माझ्या वडिलांनी दुसऱ्याच दिवशी मुदतठेव मोडून त्याला पंधरा हजार रुपये रोख दिले. पावती मागितली नाही. मला कळवलेही नाही, कारण परदेशी असलेल्या मुलाच्या जिवाला घोर नको. बँकेने पुढे लेखी कळवले की अशी कोणतीही रक्कम जमा झालेली नाही.

हा प्रसंग इतक्या वर्षांनी लिहिण्याचे कारण असे की गेल्या काही वर्षांत परदेशातून परतलेली अनेक माणसे मला भेटली आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मागे असे एखादे देणे होते. कुणाचे भारतात मागे ठेवलेले, कुणाचे तिकडून सोबत आलेले. त्यांच्या वागण्याचे दोनच प्रकार मी पाहिले. काहीजण दूरध्वनी बंद करून गप्प बसतात. काहीजण घाबरून, जो कोणी मागेल त्याला पैसे देतात. माझ्या मते दोन्ही मार्ग चुकीचे आहेत आणि दोहोंचे मूळ एकच आहे: देण्याविषयी कायदा काय म्हणतो हे ठाऊक नसणे.

प्रथम भारतात मागे राहिलेल्या देण्याचा विचार करू. सर्वसाधारण समजूत अशी की तीन वर्षे उलटली की कर्ज संपले. 1963 च्या मुदत कायद्यानुसार अशा दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे हे खरे. पण त्याच कायद्याच्या कलम 15 मधील पाचवे पोटकलम फारसे कुणी वाचत नाही. प्रतिवादी जितका काळ भारताबाहेर असेल, तितका काळ दाव्याची मुदत मोजताना वगळला जातो. म्हणजे जो माणूस "मी पाच वर्षे दुबईला होतो, आता ते देणे मुदतबाह्य झाले" असे म्हणून निश्चिंत होतो, त्याची मुदत त्या पाच वर्षांत मुळी पुढे सरकलेलीच नसते.

दुसरी गोष्ट, मुदत संपल्यानेही कर्ज नाहीसे होत नाही. धनकोचा न्यायालयात जाण्याचा मार्ग तेवढा बंद होतो. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सही करून देणे कबूल केले, किंवा थोडी रक्कम भरून तशी सहीनिशी नोंद झाली, तर मुदत नव्याने सुरू होते. मुदत संपल्यानंतरही "मी हे देईन" असे लेखी वचन सहीनिशी दिले, तर करार कायद्याच्या कलम 25 नुसार ते बंधनकारक ठरते. म्हणून वसुली प्रतिनिधी जेव्हा आर्जवाने म्हणतो, "साहेब, आज फक्त दोन हजार भरा आणि या कागदावर सही करा," तेव्हा त्या सहीचे मोल दोन हजारांहून पुष्कळ अधिक असू शकते. सही करू नये असे मी म्हणत नाही. काय करतो आहोत हे समजून करावी.

व्याजाविषयीही एक गैरसमज आहे. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना दामदुपटीचा नियम ठाऊक असतो: एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये. जुन्या मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मानत असत. पण 1984 साली बँकिंग नियमन कायद्यात आलेल्या 21-अ या कलमाने, बँकेचा व्याजदर अवाजवी आहे या कारणावरून न्यायालयांना व्यवहार पुन्हा उघडता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली क्रेडिट कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो आदेश रद्द केला. दरमहा साडेतीन टक्के हा आकडा लहान दिसतो, पण चक्रवाढीने वर्षाचे ते 51 टक्के होतात. अशा वेळी गप्प बसणे हाच सर्वांत महागडा पर्याय ठरतो.

आता तिकडून सोबत आलेल्या देण्याकडे वळू. हैदराबादेत नेमणुकीवर असताना माझ्याकडे एक तरुण लेखापाल आला होता, मूळचा तेलंगणातील जगित्यालचा. त्या भागातून आखातात जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. दुबईतील नोकरी 2020 च्या महामारीत गेली आणि तो परतला. दोन कार्डांवर मिळून अडतीस हजार दिरहम बाकी होते, आणि कार्ड घेताना बँकेने त्याच्याकडून सही केलेला कोरा धनादेश घेतलेला होता. त्याला दूरध्वनीवरून सांगितले जात होते की वडिलांची शेतजमीन जप्त होईल आणि आंतरराष्ट्रीय पोलीस घरी येतील. तीन वर्षे त्या घरात दूरध्वनी वाजला की सगळे गप्प होत.

या धमक्यांत खरे किती? दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 44-अ असे सांगते की सरकारने अधिसूचित केलेल्या देशांतील वरिष्ठ न्यायालयांचा पैशाचा हुकूमनामा, भारतातील जिल्हा न्यायालयात इथल्याच हुकूमनाम्याप्रमाणे बजावता येतो. ब्रिटन, सिंगापूर, हाँगकाँग, न्यूझीलंड ही या यादीतील जुनी नावे. 17 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने संयुक्त अरब अमिरातीचीही त्यांत भर पडली. ज्या वर्षी हजारो माणसे नोकऱ्या गमावून तिथून परतली, त्याच वर्षाच्या आरंभी हा बदल झाला होता आणि परतणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो ठाऊक होता. अमेरिका या यादीत नाही. तेथील निकालाच्या आधारे धनकोला इथे नवा दावा लावावा लागतो आणि त्याला निकालापासून तीन वर्षांची मुदत आहे.

म्हणजे "भारतात ते काय करणार?" हा दिलासा आता पूर्वीइतका खरा राहिलेला नाही. पण भीतीही तितकीच अतिरंजित आहे. हुकूमनामा आधी असावा लागतो; दूरध्वनी म्हणजे हुकूमनामा नव्हे. ऋणकोला नोटीसच न देता किंवा पुरावा न तपासता दिलेल्या निकालाला संहितेच्या कलम 13 खाली हरकत घेता येते. मुलाचे कर्ज, वडील जामीन राहिले नसतील तर, वडिलांचे होत नाही. त्यांच्या नावावरील जमिनीला हात लावता येत नाही. आणि पैसे नाहीत एवढ्याच कारणाने माणसाला दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली जॉली जॉर्ज वर्गीज खटल्यात स्पष्ट केले आहे. जवळ असूनही जो देत नाही, त्याची गोष्ट वेगळी. अमिरातीतही जानेवारी 2022 पासून, खात्यात पैसे नसल्यामुळे न वटलेला धनादेश हा बहुतांशी दिवाणी मामला झाला आहे. फसवणूक असेल तर तो गुन्हाच राहतो. मात्र तेथील न्यायालयाने प्रवासबंदी घातलेली असू शकते. पुन्हा तिकडे जाऊ इच्छिणाऱ्याने तिची खातरजमा केल्याशिवाय तिकीट काढू नये.

मग करावे काय? सरकारी नोकरीत मी एक गोष्ट शिकलो: प्रकरण कितीही गुंतागुंतीचे असो, आधी कागद मागवावेत, मग मत द्यावे. जुन्या देण्यालाही हेच लागू आहे.

1. पहिल्या दूरध्वनीवर काहीही कबूल करू नये आणि काहीही नाकारू नये. "आपले म्हणणे लेखी पाठवा," एवढेच म्हणावे. कर्ज दुसऱ्या कंपनीला विकले गेले असेल, तर ते तिच्याकडे सोपवल्याचे पत्र मागावे.

2. आरंभापासूनचा खातेउतारा मागवावा आणि त्यात मुद्दल, व्याज, विलंबशुल्क व कर हे रकाने वेगळे करून बघावेत. माझ्या चौतीस हजारांत माझी खरेदी 9,200 चीच होती. हा हिशेब कागदावर मांडल्यानंतरच तडजोडीची भाषा सुरू झाली.

3. भारतातील देणे असेल, तर पतमाहिती कंपन्यांकडून आपला अहवाल घ्यावा; वर्षातून एकदा तो विनामूल्य मिळतो. चुकीची नोंद असल्यास लेखी हरकत घ्यावी. तीस दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाईची तरतूद रिझर्व्ह बँकेने 2023 साली केली आहे.

4. तडजोड झाल्यास रक्कम भरण्यापूर्वी पत्र घ्यावे. पैसे बँकेच्या खात्यातच भरावेत, माणसाच्या हाती कधीही देऊ नयेत. शेवटी बेबाकी दाखला घ्यावा. तडजोडीने मिटलेले खाते अहवालात "सेटल्ड" असे दिसते, पूर्ण भरलेले "क्लोज्ड" असे. मी 18,000 भरून मिटवले, आणि पुढे 2012 साली घरकर्ज मागताना त्या एका शब्दाचे स्पष्टीकरण मला द्यावे लागले. परवडत असेल तर पूर्ण भरणे बरे.

5. परदेशी बँकेचे देणे असेल, तर ते इथून फेडण्यास परकीय चलनाचा कायदा आड येत नाही. अनिवासी असताना घेतलेले कर्ज परतल्यावर उदारीकृत प्रेषण योजनेतून, म्हणजे आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर्सच्या मर्यादेत, फेडता येते.

6. लोकन्यायालयाची नोटीस आली तर घाबरून टाळू नये. तिथे शुल्क नाही, आणि तडजोड आपल्या संमतीशिवाय होत नाही. मात्र एकदा झालेल्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नाही, हे लक्षात ठेवावे.

जगित्यालच्या त्या तरुणाने याच क्रमाने पत्रव्यवहार केला. त्याच्याविरुद्ध कोणताही हुकूमनामा झालेला नव्हता. त्याने हप्ते मागितले, ते बँकेने मान्य केले, आणि आज तो ते भरतो आहे. देणे अजून संपलेले नाही, पण घरातला दूरध्वनी आता कुणीही उचलतो.

इथवर व्यक्तीचे कर्तव्य झाले. आता शासनाचे. 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी एक स्वतंत्र भाग आहे. त्यात अगदी लहान ऋणकोंना नवी सुरुवात करू देण्याची तरतूदही आहे: वार्षिक उत्पन्न साठ हजार, मालमत्ता वीस हजार आणि कर्ज पस्तीस हजार रुपयांपर्यंत असेल तर. पण डिसेंबर 2019 मध्ये हा भाग केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता लागू करण्यात आला. सामान्य माणसासाठी अजून 1909 आणि 1920 चे इंग्रजी अमदानीतील कायदे आहेत. ज्या अमिरातीतून आपली माणसे धास्तावून परततात, तिनेही 2019 साली व्यक्तींच्या नादारीचा कायदा केला. आपण हुकूमनाम्यांसाठी दार उघडले, तर प्रामाणिक ऋणकोसाठीही एक दार उघडायला हवे. तो भाग सर्वांसाठी लागू करावा आणि त्यातील रकमा आजच्या काळाला साजेशा कराव्यात.

दुसरी सूचना साधी आणि बिनखर्चाची आहे. परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी परराष्ट्र मंत्रालय निघण्यापूर्वीचे एक दिवसाचे प्रशिक्षण देते. त्यात अर्धा तास बँकेच्या व्यवहारांना द्यावा: जाताना इथले कार्ड लेखी अर्ज देऊन बंद करा, येताना तिथले. बाकी नसेल तर अर्जानंतर सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद न करणाऱ्या बँकेने दिवसाला 500 रुपये द्यावेत, असे रिझर्व्ह बँकेने 2022 साली घालून दिले आहे. हा नियम कार्डधारकाला कुणीतरी सांगायला हवा.

यावर आक्षेप येईल की ऋणकोला सवलती दिल्या तर कर्ज बुडवण्याची वृत्ती बळावेल. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून हा धोका मी नाकारत नाही. पण वर्षाला चाळीस-पन्नास टक्के व्याज आकारणाऱ्याने बुडीत कर्जाचा धोका त्या दरात आधीच धरलेला असतो. शिवाय ज्याला बुडवायचेच आहे, त्याला असे दार लागत नाही. तो कधीच निघून गेलेला असतो. दार लागते ते देऊ इच्छिणाऱ्याला.

माझे वडील 2014 साली गेले. त्यांच्या कागदपत्रांत मोडलेल्या मुदतठेवीची पावती सापडली, तिच्या मागे त्यांच्या अक्षरात तारीख आणि "रोख पंधरा हजार, पोचपावती नाही" अशी नोंद होती. मी ते पैसे त्यांना परत देऊ केले होते, त्यांनी घेतले नाहीत. आपल्यापैकी ज्यांचे असे एखादे देणे कुठे मागे राहिले असेल, त्यांना माझी विनंती आहे की या आठवड्यातच बँकेला एक पत्र लिहा आणि ते स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपून ठेवा. आणि घरच्या वडीलधाऱ्यांना आजच सांगून ठेवा की तुमच्या नावाने कुणी दारी आले, तर त्याला पैसे देऊ नका, फक्त लेखी मागणी ठेवून जायला सांगा.